सोमवारची नोंद

चक्करेवरच्या नव्या गोळीच्या चाचणीत मी महिनाभर होते. डोस दुप्पट करण्याआधी सहायकाने फाईल सहीसाठी पुढे केली. त्यात लिहिलं होतं, ‘सोमवार, सकाळी दहा. फोनवर स्वतः म्हणाल्या, चक्कर अजिबात नाही.’

“हे कोण म्हणालं?”

“तुम्हीच की, काकू. विसरलात वाटतं!”

“सोमवारी दिवस मावळेपर्यंत माझं मौन असतं, बाळा.”

“मग सूनबाई बोलल्या असतील.”

शेजारी बसलेली सून फिस्कारली, “दहा वाजता मी आईंना बाथरूममधून उचलत होते. चक्कर येऊन पडल्या होत्या!”

तो फाईल ओढू लागला. मी हळूच पान उलटलं. येत्या सोमवारची नोंदही भरून तयार होती: ‘दुप्पट डोसनेही छान वाटतं म्हणाल्या.’

मी पेनाला टोपण लावलं.