वास गेलेलं पाणी

“तुझ्या नवऱ्याला सांग, लेकीकडे यायचं तर मी विहिरीचं पाणी डब्यात भरून आणते. यंदा पहिल्यांदा तुमच्या नळाचं पाणी घशाखाली उतरलं, तर आत्ताच त्याला नको म्हणायला सुचलं?”

म्हातारीने पाण्याचा मग तोंडाला लावला. मुसोंडा दारात उभी होती. आत तिची आई, बाहेर पायरीवर पाठ करून बसलेला नवरा, चिसांगा. त्यांच्या रीतीप्रमाणे सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, थेट बोलायचं तर नाहीच. म्हणून सगळं भांडण मुसोंडाच्या तोंडून चाललेलं.

“उकळून पी म्हणावं.”

“आई, हे म्हणतायत—”

“बहिरी नाहीये मी. कोळसा काय त्याचा बाप देणार? पाण्याला औषधाचा केवढा उग्र वास यायचा! आता गेला. मी कौतुक करतेय, आणि हा फुगून बसलाय!”

चिसांगाने बुटाची नाडी ओढली, ती तुटली. तो जलशुद्धीकरण केंद्रावर कामाला होता. तुरटी अजून शिल्लक होती, म्हणून नदीचा गाळ खाली बसत होता, पाणी काचेसारखं दिसत होतं. क्लोरीनच्या टाक्या मात्र मंगळवारीच रिकाम्या झाल्या. बाहेर बोंबललात तर परत कामावर यायचं नाही, असं साहेबाने सगळ्यांना उभं करून बजावलं होतं. काल नदीकाठच्या वस्तीतून कॉलऱ्याचे दोघे दवाखान्यात गेले. चिसांगा घरीसुद्धा बोलला नव्हता.

आत म्हातारीचा मग पुन्हा बादलीत बुडाला.

“मुसोंडा, घे तो तिच्या हातातून.”

“आईच्या हातातून? वेड लागलंय का तुम्हाला?”

तो उठला. बायकोला बाजूला सारून आत शिरला, सासूच्या हातातला मग हिसकावला आणि बादलीला लाथ घातली. पाणी चटईखाली पसरत गेलं.

म्हातारीने खांद्यावरचं चितेंगेचं कापड ओढून तोंड झाकलं. मुसोंडा भिंतीकडे बघत राहिली. मग कापडाच्या आतून आवाज आला. थेट त्यालाच.

“कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“आज शनिवार.”

त्याने आडवी पडलेली बादली उभी केली.

“मापालोलाही मीच पाजलंय,” म्हातारी म्हणाली. “रोज.”

कोपऱ्यात पोर झोपलं होतं. चिसांगाने वाकून त्याच्या पोटावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग टोपी उचलून बाहेर पडला.

गल्लीच्या नळावर डब्यांची रांग होती. शेजारची ब्रिजेट सगळ्यांत पुढे.

“काय हो मापालोचे बाबा, कसली आदळआपट? सासूच्या अंगावर गेलात की काय? लाज सोडली वाटतं!”

रांग खदखदून हसली.

“पाणी उकळून प्या,” तो म्हणाला.

“का?”

त्याने टोपी कपाळावर ओढली. हसणं थांबलं. ब्रिजेटने नळ बंद केला.

“का म्हणतेय मी. काय आहे पाण्यात?”

“मला आता निघायला हवं,” चिसांगा म्हणाला. “ड्युटीची वेळ झाली.”