चारीभर गेलेले जावळाचे आवतण

वाचकहो, एका गृहिणीने संस्थेचे खाते व स्वतःचे खाते संगणकाच्या एकाच ब्राउझरमध्ये उघडले, त्यामुळे तिच्यावर कोणता प्रसंग ओढवला आणि त्या प्रसंगातून कोणाचे कल्याण झाले, हे प्रस्तुत कथेत यथाक्रम निवेदन करण्यात येणार आहे. तरी शांत चित्ताने वाचन व्हावे.

माजलगावच्या धरणातून निघालेल्या कालव्याच्या एका चारीवर, म्हणजे शेतांना पाणी नेणाऱ्या फाट्यावर, हरितधारा पाणी वापर संस्था कार्यरत आहे. वनमाला ही त्या संस्थेत संगणकाचे काम पाहणारी. पाण्याची पाळी ठरली की संस्थेच्या संदेशाच्या संकेतस्थळावर जावे, आपल्या आवाजात सूचना बोलावी आणि ‘सर्वांना पाठवा’ हे बटण दाबावे, म्हणजे चारीवरील प्रत्येक सभासदाचा फोन वाजून वनमालाचा आवाज त्याच्या कानी पडत असे. बांधावरची म्हातारी माणसेसुद्धा तिला चेहऱ्याने कमी आणि आवाजाने अधिक ओळखत.

संस्थेचा नियम सुंदर होता. पाणी प्रथम चारीच्या शेवटच्या शेताला द्यायचे आणि मग वर वर सरकत यायचे. परंतु नियम भिंतीवर राहिला होता. पाणी सुटले रे सुटले की चारीच्या तोंडाशी असलेले ऊसवाले आपापल्या शेताकडची पाण्याची दारे उचलत आणि खाली जाता जाता पाण्याचा नुसता ओलावा उरे. त्या हिवाळ्यातील एकही पाळी शेवटच्या राधाकिशन तात्यांच्या गव्हापर्यंत पोहोचली नव्हती. गहू ओंबीवर आलेला. आता ही गव्हाच्या उपयोगाची अखेरची पाळी चुकली तर दाणा भरणार नव्हता. तात्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसत, तक्रार करीत नसत, केवळ पाणी कधी सुटणार एवढेच विचारीत. त्यांच्या त्या न भांडण्यानेच वनमालाचा जीव कासावीस होई. एके दिवशी तिच्या तोंडून शब्द निघून गेला.

“तात्या, या खेपंला तुमच्या गव्हाला पाणी लागल. म्या सांगते ना.”

तात्या उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “तू म्हणलीस ना पोरी, मंग झालं.”

शब्द दिला खरा. परंतु वनमालाच्या हातात बटण होते, दारे नव्हती.

योगायोग असा की, पाणी सुटण्याचा दिवस रविवार ठरला आणि त्याच रविवारी वनमालाच्या चिमुकल्या लेकीचे जावळ होते. सासूबाई बायनाबाई यांनी मुहूर्त आधीच काढून ठेवलेला. नातेवाइकांना आवतण धाडण्याकरिता वनमालाने त्याच संकेतस्थळावर स्वतःचे निराळे खाते उघडून त्यात सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर भरले होते. शुक्रवारी तिने संस्थेच्या लॅपटॉपवर प्रथम आपले खाते उघडले. तेवढ्यात अध्यक्ष विजयसिंह यांचा फोन आला की, पाण्याची सूचना तातडीने जाऊ द्या. म्हणून तिने शेजारी दुसरे पान उघडून त्यात संस्थेचे खाते सुरू केले व सूचना पाठवली. नंतर पहिल्या पानावर परत येऊन तिने मोठ्या प्रेमाने आवतण बोलले: रविवारी सकाळी लेकीचं जावळ हाय, घरच्या समद्यांनी जेवायला यावं, कुणी मागं राहू नये. बटण दाबले आणि ती समाधानाने घरी गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. एका ब्राउझरमध्ये पाने दोन दिसली तरी संकेतस्थळाच्या लेखी आत बसलेला माणूस एकच असतो, आणि तो म्हणजे शेवटी आलेला. पहिले पान डोळ्यांना घरचे दिसत होते. आतून ते केव्हाच संस्थेचे होऊन बसले होते. वनमाला बिचारीला हे ठाऊक नव्हते.

शनिवारी सकाळी ती कार्यालयाचे कुलूप काढीत असतानाच विजयसिंहांचा फोन आला. अध्यक्ष महोदय अत्यंत प्रसन्न होते. पाणी सुटायच्या दिवशी सभासदांना जेवण, ही कल्पना आपल्याला फार आवडली असे त्यांनी सांगितले, आपल्या वाड्यावरची किती माणसे येतील ते मोजून दाखवले आणि वांगी आपल्या शेतातून पाठवतो असेही वर कळवले. वनमाला कुलूप हातात धरून तशीच उभी राहिली. पाठोपाठ फोनची रीघ लागली. कोणी दूध आणू का विचारीत होता, कोणी बसायला सतरंज्या. बाकी सारे येणार म्हणून आनंदात.

तिने लॅपटॉप उघडला, कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवले, तेव्हा दोन्ही पानांवर संस्थेचेच नाव. संस्थेच्या खात्यावरून घरचे काम केले, हा बोभाटा चारीभर होणार. चुकून गेले, कोणी येऊ नये, असा दुसरा संदेश पाठवावा म्हणून ती घरी सासूबाईंना विचारायला धावत गेली. बायनाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले, हसू आवरले नाही म्हणून पदर तोंडाला लावला आणि मग निर्णय दिला.

“दिलेलं आवतण कुणी माघारी घेतंय व्हय? कणीक वाढवू. येऊ दे चारी.”

त्या दिवशी गल्लीतील साऱ्या बायका एकत्र जमल्या. शेजारणींनी परातीच्या पराती कणीक मळली, अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडला आणि त्यावर भाजलेल्या बट्ट्यांचा खरपूस वास कालव्यापर्यंत गेला. वनमालाचा नवरा रविराज कारखान्यावरून सुट्टी काढून आला, तो थेट पळसाच्या पत्रावळी उतरवू लागला.

रविवारी सूर्य वर येतो न येतो तोच माणसे लोटली. ट्रॅक्टरमधून, मोटारसायकलवरून, पायी. सर्वांत शेवटी आला वनमालाचा भाऊ अमरसिंह, जो मामा म्हणून भाचीला मांडीवर घेऊन जावळ काढण्याचा मानकरी. संदेश कोणत्याच सोयऱ्याला पोहोचला नव्हता; शनिवारच्या धांदलीत बाकीच्यांना फोन झाले, त्याचाच राहून गेला. बातमी त्याने वडवणीच्या बाजारात परक्या माणसाकडून ऐकली होती. मोटारसायकल लावता लावताच त्याने बहिणीला टोमणा मारला.

“अख्ख्या चारीला आवतण, अन् मामालाच न्हाई. का म्हून, मांडी काय अध्यक्षाची घ्यायची व्हती का?”

सगळे अंगण हसले. भाची मामाच्या मांडीवर बसली, थोडी रडली, गुळाचा खडा तोंडात पडताच गप्प झाली आणि जावळ निर्विघ्न पार पडले.

पंगती बसल्या. चारीच्या तोंडाशी शेती असलेले सर्व ऊसवाले पहिल्या पंगतीत. वरण वाढले, बट्ट्या कुस्करल्या गेल्या, तुपाची धार आली. वनमाला वांग्याची भाजी वाढीत असताना तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. चारीवर पाणी पाहणाऱ्या आदिनाथचा तो फोन होता. पाणी सुटून मोठ्या पुलाखालून गेले, वरची सगळी दारे बंद, रस्त्यात एक माणूस दिसत नाही, असे तो आश्चर्याने सांगत होता. त्याचा मोठा आवाज पहिल्या पंगतीत सगळ्यांनी ऐकला. क्षणभर हात थांबले. एकाने दुसऱ्याकडे पाहिले आणि विजयसिंहांच्या शेजारी बसलेला ऊसवाला आप्पा पत्रावळीवरून हलकेच उठू लागला.

तेव्हा वनमालाने भाजीचे पातेले खाली ठेवले. इतक्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती. फोनमध्ये बोलणे निराळे.

“आप्पा, बसा. आधी माझी चूक सांगते. हे आवतण संस्थेचं न्हवतं, माझ्या घरचं व्हतं. एकाच ठिकाणी दोन खाती उघडली, अन् चुकून तुमाला गेलं. पन तुमी आलात, लई बरं वाटलं. आता एकच मागते. पंगतीत शेवटच्या पानाला वाढल्याबिगर आपुन घास उचलत न्हाई. आज चारीचं बी तसंच करा. शेवटचं पान राधाकिशन तात्यांचं हाय. ते जेवायला आले न्हाईत, गव्हापाशी बसल्यात.”

आप्पा अर्धा उठलेला, अर्धा बसलेला. मग विजयसिंहांनी त्याच्या सदऱ्याचे टोक ओढून त्याला खाली बसवले.

“बस बे. माझं दार बंद राहील, मंग तुझं कशाला उघडतंय?” आणि वनमालाकडे वळून ते म्हणाले, “बाई, चूक लई चवदार केली तुमी. बट्टी वाढा.”

हशा पिकला आणि तुपाची धार पुन्हा सुरू झाली. दारे उचलण्याचा विषय कोणी काढला नाही. इतक्या जणांनी इतक्या जणांदेखत मान्य केलेली गोष्ट मोडण्याची कोणाची छाती होती?

उन्हे कलती झाली तेव्हा राधाकिशन तात्या आले. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर ओले, चेहरा असा की जणू त्यांच्याच घरी जावळ असावे. गहू पोटभर पाणी पीत होता. त्यांना पाटावर बसवून बायनाबाईंनी स्वतः वाढले, तेव्हा विजयसिंह, आप्पा आणि बाकीचे ऊसवाले सुपारी कातरीत त्यांच्याभोवती बसून होते. जेवता जेवता तात्यांनीच सुचवले की, प्रत्येक पाळीला असेच एकत्र जेवावे. पुढल्या पाळीचे जेवण आपल्या मळ्यात, असे आप्पाने कोणी विचारण्याआधीच जाहीर केले.

सोमवारी वनमालाने संकेतस्थळाच्या मदत केंद्राला फोन करून ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या प्रोफाइल तयार करून घेतल्या. संस्थेच्या खिडकीला हिरवा रंग, घरच्या खिडकीला कुंकवाचा. हिरव्या खिडकीत तिचे नातलग दिसेनात आणि कुंकवाच्या खिडकीत चारी दिसेना. दोन्ही उघडून, मिटून, तिने पुनःपुन्हा खात्री करून घेतली. मग हिरव्या खिडकीत बसून, अध्यक्षांची रीतसर अनुमती घेऊन, तिने चारीवरच्या प्रत्येकाला कळवले की, पुढच्या पाळीला पाणी शेवटच्या शेतापासून सुरू होईल आणि जेवण आप्पांच्या मळ्यात आहे; घरच्या समद्यांनी यावं, कुणी मागं राहू नये.

येणेप्रमाणे ही कथा पूर्ण झाली. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ती अखेरपर्यंत वाचली, याबद्दल सर्व वाचक बंधू-भगिनींचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
महांतेश ईश्वरप्पा शेटे,
मु. पो. सिरसाळा