तिच्या डाव्या पायाचा कॅलिपर

मी कॅलिपर बोलतोय. दोन पोलादी पट्ट्या, मांडीला नि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी, खाली बूट. कडी खाली सरकवली की गुडघा वाकत नाही आणि लुळा पाय उभा राहतो. एका मुलीचा डावा पाय म्हणजे मी.

माझ्याआधी तिला लहान मापाचे बरेच झाले होते. मी तिची वाढ पुरी झाल्यावरचा. माप घेताना तिची आई कारागिराला सांगत होती, "तान्हीच होती म्हणा ना. साधा ताप म्हणून अंगावर काढला. ताप उतरल्यावर खाली उभी केली, तर पाय दुमडलाच."

डॉक्टर शेजारीच होते. मुलीने विचारलं, "डॉक्टर, पोलिओ म्हणजे काय हो? सगळे मला त्याच नावाने हाक मारतात."

"ग्रीक शब्द आहे. पोलिओस म्हणजे करडा. आपल्या मज्जारज्जूचा आतला भाग करडा असतो. पायाला हुकूम देणाऱ्या तिथल्या पेशी हा विषाणू मारतो. मूळ नाव लांबलचक, लोकांनी तोडून नुसतं 'करडा' ठेवलं."

ती खुदकन हसली. "म्हणजे शाळेत इतकी वर्षं मला 'ए करडे' म्हणत होते!"

"रंगाचं राहू दे," आई म्हणाली, "नीट चालता येईल ना तिला?"

चालता आलं. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ती कामाला लागली. तिथपर्यंत आम्ही दोघं खाडखाड करत जायचो. घरी पाहुणे आले की वडील हसत सांगायचे, "मोठी सासरी गेली. देवानं एक बरं केलं, ही कुठं जात नाही." पाहुणेही हसायचे. ती चहाचे कप उचलायची.

मग आईला अर्धांगवायू झाला. अंथरूण बदलणं, भरवणं, पुसणं, सगळं हिच्यावर आलं. तेवढ्यातच दुकानाशेजारचा चष्मेवाला तिला मागणी घालायला घरी आला. वडिलांनी त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला बसली असताना त्यांनी मला न्हाणीघराबाहेरून उचललं आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवलं.

ती हातांवर सरपटत बाहेर आली. "बाबा, माझा कॅलिपर?"

वडिलांनी पेपर खाली केला नाही. "आईला खायला घाल आधी."

"द्या ना बाबा. कामाला उशीर होतोय."

"काम सुटलं तुझं. मी कळवलंय."

तिने मला पाहिलं. हात उंचावला, पण पोचेना. मग ती आईच्या खाटेशी गेली. "आई, तू तरी सांग ना बाबांना."

आईचं अर्धं तोंड हलायचं. शब्द ओढत, पण स्पष्ट बोलली ती. "राहू दे वरच. तू गेलीस तर माझं कोण करणार?"

तिने आईला भरवलं, ओठ पुसले, उशी सारखी केली. मग पाय ओढत दार गाठलं आणि एकेक पायरी बसत उतरू लागली. शेजाऱ्यांची दारं उघडली. कुणी हात दिला नाही. एकजण तर म्हणाला, "जरा बाजूला हो, मला जायचंय."

"कुठवर जाशील अशी?" वडील वरून ओरडले.

"कोपऱ्यापर्यंत. पुढं रिक्षा मिळते."

ती परत आली नाही. आई गेल्यावर वडिलांनी मला पिशवीत घातलं आणि तिचं नवं घर शोधून काढलं. दार तिनेच उघडलं. तिच्या पायात नवा कॅलिपर होता, माझ्यापेक्षा हलका.

"आई गेली," वडील म्हणाले.

तिने चौकट धरली. "पाणी देऊ?"

"पाणी नको. घरी चल. माझं करायला कुणी नाही. हे बघ, तुझं आणलंय."

"ते आता मला होत नाही बाबा."

दार हळूच लागलं. वडील थोडा वेळ पायरीवर बसले आणि मला तिथंच टाकून निघून गेले.

सध्या मी भंगारवाल्याच्या ढिगात आहे. चामडं उंदरांनी खाल्लंय, कडी गंजून बसलीय. लवकरच भट्टी. वितळवणाऱ्यांनो, माझा खिळा करा, सळई करा, हवं ते करा. फक्त कुलूप करू नका.