सोडलं की थांबते

बाबांनी पुन्हा टमाटरच्या गाड्याला धडक दिली.

गाडा खरा नव्हता, बाजारही खरा नव्हता. गोंदियातल्या पुनर्वसन केंद्राच्या खोलीत बाबा जागच्या जागी बसले होते. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, उजव्या हाताखाली बोटभर दांडी. चष्म्यातून त्यांना दिसणारा रस्ता नूतन समोरच्या पडद्यावर पाहत होती.

"काका, या बाजारात आता कोणी दुकान लावणार नाही," शिकवणारा खुशाल म्हणाला.

"तो माझ्या मागं काऊन उभा राहते मंग?"

नूतनला हसू आलं नाही. मोहाच्या झाडावरून पडून बाबांचे पाय गेले, तेव्हापासून आई त्यांची साधी खुर्ची ढकलत आली. पोळ्यानंतर आई गेली. आता बॅटरीची खुर्ची स्वतः चालवता आली, तरच बाबा नवेगाव बांधच्या घरी राहणार होते. नाहीतर नूतनच्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये. तसं बापलेकीत ठरलं होतं. केंद्राची चाचणी आजच होती.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

या वेळी ती त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. रस्त्यात गाय आडवी आली. बाबांचं कोपर बरगडीला भिडलं, मूठ छातीकडे आली, तोंडून "हो, हो" निघालं, आणि पडद्यावरची खुर्ची उलटी सुटली. लहानपणी बैलबंडीत बसून ही हालचाल तिने कितीदा पाहिली होती. बाबा कासरा ओढत होते.

"बाबा, ते बैल नाहीत. ओढलं की ती मागं जाते. थांबवायची तर दांडी सोडा."

"सोडलं तर पळन ना."

"सोडलं की थांबते."

"असं कोणतं जनावर राहते?"

"सोडून तर पाहा."

बाजार पुन्हा सुरू झाला. बोळातून मोटारसायकल अंगावर आली. कोपर हललं, मग बाबांनी बोटं उघडली आणि हात वर धरला. खुर्ची जागीच उभी राहिली.

"थांबली," बाबा हळूच म्हणाले.

त्यानंतर गर्दी, उतार, अरुंद दार, सगळं पार पडलं. दुपारी पटांगणात खरी खुर्ची आली. खुशालने वाटेत बादली ठेवली, स्कूटर लावली, शेवटी स्वतःच आडवा उभा राहिला. बाबा त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडे थांबले.

"भेलास का रे?"

"थोडासा," खुशाल म्हणाला. "पास, काका." मग नूतनकडे वळून, "ताई, खुर्ची कुठं पोचवायची? नागपूरले?"

"नवेगाव बांधला," नूतन म्हणाली. "मी दाराचा उंबरठा काढून घेते."

"उंबरठा नको काढू," बाबा म्हणाले. "तुझी माय रोज हळदकुंकू वाहे त्याले. दोन्हीकडून उतार बांध."

ती 'हो' म्हणेपर्यंत त्यांनी खुर्ची वळवली होती. फाटकाबाहेर रस्ता वाहत होता. बाबा तिकडे निघाले, आणि त्यांना गाठायला नूतनला झपाझप चालावं लागलं.