निघून राहिला

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन ढकलून ढकलून पार लांबच्या कक्षेत न्यायचा, मग त्याच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या. ओव्हनात भाजी गरम होते, त्याच जातीच्या लहरी. इलेक्ट्रॉन अणू सोडून जातो का राहतो? उन्नती रामटेकेचा एमएस्सीचा प्रकल्प एवढाच. जुन्या, न्यूटनच्या गणितानं तो लडखडत वर चढतो आणि जातो. क्वांटमचं गणित संगणकावर चालू होतं. दुपारी तोंडी परीक्षा. नापास झाली तर बंगळुरूची पीएचडीची जागा गेली.

सकाळी आपटे सरांचा फोन आला. सर पुण्याहून नुकतेच नागपुरात आलेले. त्यांचा अभ्यास द्रवांचा, पण मार्गदर्शक म्हणून सही त्यांची. असं चालतं आपल्याकडे, कोणाला लाज वाटत नाही.

"क्वांटमचं काय?"

"सर, निघून राहिला."

"राहिला? छान!" फोन ठेवून सरांनी परीक्षकांना कळवून टाकलं: क्वांटम इलेक्ट्रॉन राहतो.

त्या निरोपाची आपल्याला आलेली प्रत उन्नतीनं सीताबर्डीला मेट्रो बदलताना वाचली. विभागात पोचली ती धापा टाकतच.

"सर, राहिला नाही! निघून राहिला म्हणजे निघतोय, या घडीला."

"मग 'राहिला' कशाला म्हणता? जरा शुद्ध मराठी बोला."

"मराठीच बोलली सर मी. तुम्ही अर्धं ऐकलं."

शेजारच्या संगणकावरून तिचा वर्गमित्र अंकुश म्हणाला, "सर, तुमाले कोणी 'जेवून राहिलो' म्हटलं, तर ताट उचलून नेता का जी?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे दुसरा निरोप धाडला: चूक झाली, इलेक्ट्रॉन जातो.

तेवढ्यात उन्नतीनं आलेख उघडला. तांबडी रेष न्यूटनची, चढत गेलेली. निळी क्वांटमची, बराच वेळ तांबडीला चिकटून. मग आडवी. सपाट. इलेक्ट्रॉन चढायचा थांबला होता.

"आता हा राहून राहिला," अंकुश म्हणाला.

"तिसरा निरोप मी पाठवणार नाही," सर ओरडले. "आडवी व्हायच्या आधीच कापा ती रेष. जातो म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा."

उन्नतीनं सगळ्या शक्यतांची बेरीज तपासली. एक यायला पाहिजे, एकच आली. गणित ठीक होतं. मग हे काय? तोच अणू, तेच धक्के. एक गणित त्याला हाकलतं, दुसरं धरून ठेवतं. 

दुपारी परीक्षक म्हणून बाहेरून आल्या होत्या चारुशीला मेश्राम, मूळच्या इकडच्याच, उमरेडच्या. "आधी राहतो, मग जातो. नेमकं काय?"

उन्नतीनं अख्खा आलेख लावला. "मॅडम, निघून राहिला होता. मग थांबला."

"काहून?" 'का'ऐवजी मॅडमच्या तोंडून निसटलं.

"लहरीच्या वाटा एकमेकींना खोडत असतील. असतील, मॅडम. मले समजलं नाही."

"आणि सर तर जातो म्हणतात?"

"सर रेष कापायले सांगत होते."

आपटे सर खोकले. मॅडम निळ्या रेषेकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेर थांब वं."

बाहेर अंकुश होता. "पास झाली का?"

उत्तर दाराच्या फटीतून आलं, मॅडमच्या आवाजात. "पास होऊन राहिली ती."

"म्हणजे झाली की नाही?" आत आपटे सरांनी विचारलं.

पहिल्यांदाच उन्नतीलाही तो प्रश्न बरोबर वाटला.