डोळ्यातलं लोखंड

“अंगावर लोखंड, काही धातू?” एमआरआयच्या खोलीबाहेर त्या तरुण तंत्रज्ञ बाईनं विचारलं.

गोजरबाईनं नवऱ्याच्या, पुंजारामच्या गळ्यातला ताईत, कमरेचा चांदीचा करदोडा, खिशातली किल्ली, सगळं पिशवीत टाकलं. “आता काईच न्हाई, बाई. नुसता माणूस राह्यलाय.”

“काम काय करायचे हे?”

“जालन्याला रोलिंग मिलमधी. ग्राइंडरवर लोखंड घासायचे.”

त्या बाईचा पेन थांबला. “डोळ्यात कधी कण गेला होता?”

पुंजारामला हसू आलं आणि हसण्यापाठोपाठ खोकला. “कवा न्हाई गेला, ते इचारा! आमच्या मिलमधल्या बद्रीनाथकडं फुटक्या रेडिओचं चुंबक होतं. पापणी उलटी करून धरायचा. बराबर निघायचं. तोच आमचा दवाखाना.”

“सगळे कण निघाले?”

“निघाले असतील की.”

बाईनं आधी डोळ्याचा एक्स-रे काढायला लावला. डाव्या डोळ्यात रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका होता.

“बाबा, हे यंत्र म्हणजे भलं मोठं चुंबकच आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत नेलं तर हा कण जागचा हलेल. डोळा जाईल. मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही.”

गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छातीच्या डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. धुरानं, धुळीनं फुफ्फुसं खराब झालीत. त्यांच्यात रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू दमलीय, म्हणून पाय सुजतात. ती किती दमलीय, अजून किती ओढेल, हे साध्या सोनोग्राफीत दिसत नव्हतं. फुगलेली फुफ्फुसं आड येत होती. या यंत्रात ते नीट दिसलं असतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरणार होतं. त्या भल्या माणसानं स्वतः शब्द टाकून इथं औरंगाबादला नंबर लावून दिला होता.

तो शब्द टाकावा लागला, कारण मिलनं हात वर केले होते. धूळ मिलची, ती छातीत बसली. लोखंड मिलचं, ते डोळ्यात बसलं. आणि विम्याच्या दवाखान्यासाठी ‘हा आमचा कामगार’ एवढंच लिहून मागितलं, तर हजेरी लिहिणारा टाईमकीपर रामराव म्हणाला, तो ठेकेदाराचा माणूस, आमच्याकडं कधी नव्हताच. ज्याच्या पोरीच्या लग्नात पुंजारामनं घाम गाळून पंगती वाढल्या, तोच हा रामराव!

औरंगाबादहून परतल्यावर ती घरी गेलीच नाही.

“जाऊ दे ना, गोजरे,” पुंजाराम धापा टाकत म्हणाला.

“तुमचं जाऊ दे, जाऊ दे करूनच ही येळ आली!”

मिलच्या फाटकाजवळच्या दगडावर तिनं त्याला बसवलं आणि रामरावच्या खिडकीसमोर उन्हात एक्स-रे धरला.

“रामराव, वळखा. तुमचा माल हाये.”

“काय हे, वैनी?”

“तुमच्या मिलचं लोखंड. ह्यांच्या डोळ्यात बसलंय, त्याच्यापायी छातीची तपासणी बी झाली न्हाई. माणूस तुमचा न्हाई म्हन्ता ना? मंग तुमचं लोखंड तरी काढून घ्या!”

“हळू बोला, मालक आत हाएत.” रामरावनं मान खाली घातली. “कुटं बी काम केलं तरी डोळ्यात जातंय. माझ्या हातात काय हाये?”

“पेन हाये की!”

रामरावनं खिडकी ओढून घेतली. गोजरबाईनं बंद खिडकीवर थापा मारल्या, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात दुपारच्या पाळीचा भोंगा वाजला.

दगडावरचा पुंजाराम उठला. खांद्यावरचा रुमाल त्यानं डोक्याला गुंडाळला, त्याचं टोक नाकावरून घट्ट ओढून घेतलं आणि सुजल्या पायांनी फाटकाकडं चालू लागला. म्हातारा वॉचमन तंबाखू मळत होता. त्यानं सवयीनंच छोटं दार उघडून धरलं.

“चला पुंजारामदादा, जल्दी. पाळी लागली.”

पुंजाराम उंबऱ्याशी थबकला. आत भट्टीचा लाल उजेड दिसत होता.

“न्हाई बाबा,” तो म्हणाला. “भोंगा ऐकून उठलो, बस.”

आणि बाहेरूनच दार त्यानं स्वतः हळूच ओढून घेतलं.