अर्धवट काढलेलं पंचांग

भाईंदर पश्चिमेच्या गुणवंतभाईंच्या इस्टेट एजन्सीतला जुना कॉम्प्युटर ह्यांनी पूनम सागर सोसायटीत आमच्या घरी आणला, तेव्हाच मी म्हटलं होतं, दुसऱ्याचं भूत घरात घेऊ नका. पण माझं ऐकतंय कोण! गुणवंतभाई म्हणजे फ्लॅटची चावीसुद्धा मुहूर्त बघून देणारा माणूस. त्यानं आत पंचांगाचं सॉफ्टवेअर भरून ठेवलेलं. कॉम्प्युटर लावला की घंटा वाजायची आणि एक जाड आवाज सांगायचा, कधी "समय शुभ है", तर कधी "सावधान! समय शुभ नहीं है".

आमच्या रुचिताला त्याचा वैताग. तिनं एका सुट्टीला ते काढून टाकलं. म्हणजे, काढलं असं तिला वाटलं. त्या दिवसापासून "शुभ है" बंद झालं आणि "सावधान" मात्र रोज, न चुकता.

नेमकं तेव्हाच इथल्याच, हाटकेशच्या महिपतरावांनी त्यांच्या मुलासाठी, रोहितसाठी रुचिताला मागणी घातली. पोरांचं आपसात ठरलेलंच होतं. राहिला आमचा होकार. तो मुलीच्या बापानं शुभ वेळ बघूनच कळवायचा, हा ह्यांच्या घरचा रिवाज. हे ऑफिसातून येत, पाय धुऊन कॉम्प्युटर लावत, "सावधान" ऐकत आणि फोनवरचा हात मागे घेत.

"अहो, भिंतीवरच्या कॅलेंडरात शुभ दिवस लिहिलाय!"

"कॅलेंडर वर्षभर आधी छापतात. हा आत्ताचं सांगतोय."

शेवटी महिपतरावांचा निरोप आला. रविवारपर्यंत काय ते कळवा, दुसरीकडूनही विचारणा होतेय. रुचिताची अन्नावरची वासनाच उडाली. शनिवारी तिनं ऑफिसातल्या नीलमला धरून आणलं. नीलमनं खटाखट बटणं दाबली आणि हसायला लागली.

"काकू, मेन प्रोग्राम गेलाय, पण आवाज देणारा तुकडा मागे राहिलाय. कॉम्प्युटरबरोबर तो गुपचूप चालू होतो. पंचांग सापडत नाही, मग आपला सरळ नाही म्हणून टाकतो."

"अगदी हिच्या बाबांसारखा," मी म्हटलं.

नीलमनं तो तुकडा शोधून मुळासकट उपटला.

रविवारी ह्यांनी कॉम्प्युटर लावला. शांतता. ह्यांनी स्पीकरची वायर हलवली, कान लावला.

"काढलंय ते, बाबा. आता करा फोन," रुचिता म्हणाली.

हे जागचे हलेनात. माझं डोकंच फिरलं. "त्या डबड्यापायी पोरीचं वाटोळं करताय!"

"कॅलेंडर मीही बघतोय गं रोज," हे स्क्रीनकडेच बघत म्हणाले. "पण ते वाजलं की पोरगी आणखी एक दिवस आपली राहायची."

आणि हे चक्क रडायला लागले.

"बाबा, हाटकेशला चाललेय मी," रुचिता डोळे पुसत म्हणाली. "इतकं जवळ, की रिक्षावाला मीटरसुद्धा टाकत नाही तिथं जायला."

ह्यांनी नाक पुसलं, नंबर फिरवला. महिपतरावांनी लगेच उचलला.

"आमचा होकार आहे," हे म्हणाले. मग जरा थांबून, "पण लग्न दिवाळीनंतर धरूया. तोवर वेळ शुभ नाही म्हणतात."

कोण म्हणतं, ते महिपतरावांनी विचारलं नाही. मी उठून कॉम्प्युटर बंद केला.